वहिनी उभ्या राहिल्या

दादाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. दादा सहसा फोन करीत नाही. केला तर आंब्याची पेटी पाठवल्याचे सांगायला, नाहीतर कुणी गेल्याचे कळवायला. नोव्हेंबरात आंबे नसतात, म्हणून मी जरा घाबरतच फोन उचलला.

"अरे, तुझी वहिनी उभी राहिलीय," दादा म्हणाला.

माळ्यावरचे काही काढायला वहिनी स्टुलावर उभ्या राहिल्या आणि पडल्या, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आले. मी विचारले, "फार लागलं का?"

"अजून नाही लागलेलं. पण लागेल! नगरपरिषदेला उभी राहिलीय ती. तू येऊन समजाव. तुझं ऐकते."

मराठी शिकवण्यावर माझे पोट आहे, त्यामुळे अशा वेळीही माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. आपल्याकडे उमेदवार निवडणूक लढवतो हे खरे, पण ती भाषा वर्तमानपत्रांची. घरात, ओटीवर, बाजारात तो नुसता 'उभा राहतो'. मग एक तर तो निवडून येतो, नाहीतर 'पडतो'. आणि गंमत अशी की, मतेही पडतातच. मते पुरेशी पडली नाहीत की उमेदवार पडतो. उभे राहणाऱ्याला पडण्याची तयारी ठेवावी लागते, हे आपल्या भाषेने पहिल्यापासूनच सांगून ठेवले आहे.

दादाच्या रागालाही कारण होते. त्याचे किराणा-भुसारचे दुकान आहे. दुकानाला सगळ्याच पक्षांची माणसे गिऱ्हाईक म्हणून येतात आणि उधारीवर नेतात. बायको उभी राहिली की निम्मे गाव उधारी बुडवणार आणि उरलेले निम्मे गिऱ्हाईक तोडणार, असा त्याचा हिशेब. वहिनींचा हिशेब निराळा होता. गावात नळ एक दिवसाआड येई, तो आता तीन दिवसांनी येऊ लागला होता; तोही पहाटे चारला, कधी दुपारी, कधी भलत्याच वेळी. सांगायचे कुणाला? आधीच्या सदस्यांची मुदत संपून वर्षे लोटली होती. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात, प्रभागांची रचना सरकारदरबारी, अशा ओढाताणीत राज्यातल्या नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावले, आणि २ डिसेंबर ही मतदानाची तारीख ठरली. वहिनींचा प्रभाग महिलेसाठी राखीव निघाला. निम्म्या जागा स्त्रियांना, हा नियम राज्यात २०११ पासून आहे. पण नियम आपल्या दारात येऊन उभा राहीपर्यंत तो आपल्यासाठी आहे असे कुणाला वाटत नाही.

गावाचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर वहिनी पुढच्या खेपेला सोलकढी देणार नाहीत. महाडच्या पुढे, कशेडीचा डोंगर ओलांडला की काही वेळाने लागते, इतके पुरे.

समजवायला जायचे खरे, पण मी जरा चतुराई केली. अर्ज मागे घेण्याची मुदत उलटल्यावरच गाडीत बसलो. म्हणजे दादाला सांगता येईल की, मी आलो होतो; आणि वहिनींना सांगता येईल की, मी अडवायला आलो नव्हतो. प्राध्यापकी पेशात माणूस एवढे तरी शिकतोच.

पहाटेची स्वारगेटहून सुटणारी एस.टी. पौड सोडून मुळशीच्या पाण्याकाठाने चालली होती. ताम्हिणी घाटात धुके होते. पावसाळ्यात जिथे पुण्याची तरुण मंडळी धबधब्याखाली किंचाळत असतात तिथे आता सुकलेल्या कड्यांवर फक्त काळे ओघळ राहिले होते. शेजारी माणगावचे एक गृहस्थ होते. निवडणुकीचा विषय काढल्यावर त्यांनी एका दमात चार उमेदवारांची कुळकथा सांगितली; कोण कुणाचा मेहुणा, कुणाचे डंपर आहेत, कोण कुठल्या पक्षातून कुठल्या पक्षात गेला आणि परत कसा आला. मी विचारले, "तुम्ही मत कुणाला देणार?" ते म्हणाले, "माझं नाव मुंबईच्या यादीत आहे हो." आणि खिडकीला डोके टेकून झोपी गेले. मी मनात हसलो. त्या हसण्याचे पुढे मला काय मोल द्यावे लागले, ते यथावकाश सांगेन.

गाडी महाडपर्यंतच होती. पुढची दीड तासाने. स्थानकावर बसून तरी काय करायचे, म्हणून पिशवी खांद्याला लावली आणि चवदार तळ्याची वाट विचारली.

इथे एक कबुली देतो. दलित साहित्य शिकवताना महाडचा उल्लेख मी गेली वीस वर्षे करीत आलो आहे. २० मार्च १९२७ ही तारीख फळ्यावर लिहिताना माझा हात थांबत नाही. पण त्या वाटेने अनेकदा गावी जाऊनही मी तळे पाहिले नव्हते. गाडी थांबे, मी वडापाव घेई, गाडी सुटे.

तळे भर वस्तीत आहे. चारी बाजूंनी घरे, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा. महाडलाही निवडणूक होतीच. रस्त्यावरून एक रिक्षा कर्णा लावून उमेदवाराचे नाव ओरडत गेली, आणि तो आवाज पाण्यावरून परत आला. मी पायरीवर बसलो. एरवी वर्गात जी हकिकत मी सत्याग्रहापासून सुरू करतो ती त्या दिवशी मला निराळ्याच ठिकाणाहून सुरू होताना दिसली. ती एका नगरपालिकेच्या ठरावापासून सुरू होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पुढे ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. केवढी मोठी गोष्ट! हिंदुस्थानातल्या किती गावांनी तेव्हा असे लिहून ठेवले असेल? पण त्या ठरावाने तळ्यातली एक ओंजळही हलली नाही. तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. गुराढोरांना पाणी प्यायला मिळत होते; ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना नाही. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस या मंडळींच्या खटपटीने १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. म्हणजे नगरपालिकेचाच ठराव त्यांनी अमलात आणला, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याबद्दल माणसांची डोकी फुटली. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवून ते 'शुद्ध' करण्यात आले.

वर्गात मी इथे थांबतो, घंटा होते. पण तळ्याच्या पायरीवर घंटा नव्हती. ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. हात वर झाले तसे ते खाली आले. मग डिसेंबरातली दुसरी परिषद, मनुस्मृतीचे दहन, आणि कोर्टकचेरी. तळे खाजगी आहे, वहिवाट आमची आहे, असे म्हणणाऱ्यांचा दावा शेवटी मुंबईच्या उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला फेटाळला. दहा वर्षे लागली.

आणि हे ज्यांनी आपल्या मतांवर निवडून पाठवले ते मतदार तरी किती होते? त्या काळी नगरपालिकेचे मत सर्वांना नव्हते. घर, मिळकत, कर पाहून मत मिळे. ज्यांची तहान होती त्यांच्या हाती मत जवळजवळ नव्हतेच; ज्यांच्या हाती मत होते त्यांच्या घरी विहीर होती. दिल्लीचे राज्य कुणाचे, यावर आपण ओटीवर बसून रात्री जागवतो. पण आपल्या घरापाशी पाणी येईल की नाही, हे ठरवणारे चारदोन हात अशाच एखाद्या लहान इमारतीत, लाकडी टेबलाभोवती वर होतात किंवा होत नाहीत. गाडीची वेळ झाली. मी ओंजळभर पाणी घेतले, तोंडाला लावले आणि उठलो.

घरी पोचलो तर ओटीवर निवडणूक पसरली होती. वहिनी अपक्ष. चिन्ह मिळाले होते कपबशी. हे चिन्ह फार धूर्त आहे, असे माझे मत आहे. कारण कुणाच्याही घरी गेले की प्रचार आपोआप समोर येतो. वहिनी दुसऱ्या उमेदवाराच्या मामेबहिणीकडे गेल्या, तेव्हा त्या माउलीने कपबशी नको म्हणून स्टीलच्या पेल्यात चहा दिला!

उभे राहणे म्हणजे काय, ते मी तेव्हा प्रथम पाहिले. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नसल्याचे दाखवायचे, घरात शौचालय असल्याचे दाखवायचे, २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे मूल झालेले नाही हे लिहून द्यायचे. अनामत भरायची, शपथपत्रात मंगळसूत्राचे वजन लिहायचे, रोजचा खर्च मांडून द्यायचा. "लग्नात सुद्धा माझी एवढी चौकशी झाली नव्हती," वहिनी म्हणाल्या. दादा आतून ओरडला, "झाली असती तर बरं झालं असतं!" पण त्याच रात्री तो दुकान बंद करून खर्चाची वही स्वतः लिहीत बसलेला मी पाहिला. दादाचे अक्षर फार सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींबरोबर फिरलो. एका घरी तरुण मुलाने मोकळेपणाने विचारले, "पाकीट किती?" वहिनींनी पिशवीतून पत्रक काढून त्याच्या हातावर ठेवले. तो हसला आणि म्हणाला, "रिकामंच की!" एका बंगल्यात मालक म्हणाले, "आमची बोअरवेल आहे, आम्हाला नगरपरिषदेचं काही पडलेलं नाही." त्यांच्याकडचा चहा उत्तम होता.

प्रभागाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. वीस-पंचवीस घरे, एक सार्वजनिक नळ. लहानपणी मी तिकडे कधी गेलो नव्हतो. 'तिकडे जायचं नाही' एवढेच आम्हाला सांगितलेले असे, आणि का, ते कुणी सांगत नसे. वहिनी मात्र सराईतपणे शिरल्या. त्यांच्या पिशवीत पत्रकांखाली एक जुना कागद होता, माहितीच्या अधिकारात मिळवलेला. या वस्तीला वेगळी जलवाहिनी टाकावी, असा नगरपरिषदेचा ठराव. सर्वानुमते मंजूर. त्यावर सूचक होता, अनुमोदक होता, शिक्का होता. फक्त वस्तीत पाइप नव्हता. नळावर घागरींची रांग लागली होती. एका म्हातारीने तो कागद उलटसुलट पाहिला, वाचता येत नसल्याने परत दिला, आणि विचारले, "ठरावानं घसा ओला होतो काय गो?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. मला सकाळची तळ्याची पायरी आठवली नाही असे म्हणणे खोटे होईल. पण त्या आजीसमोर १९२४ साल उच्चारण्याची माझी छाती झाली नाही.

परत येताना ओढ्याच्या साकवावर वहिनींनी सहज विचारले, "भाऊजी, पुण्यात मागच्या वेळी तुम्ही कुणाला दिलंत मत?"

पुणे महानगरपालिकेची मागची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. त्या दिवशी आम्हाला सुट्टी होती, आणि आम्ही सहकुटुंब दिवेआगरला होतो. समुद्र शांत होता, मोदक सुरेख होते.

"गुप्त मतदान असतं वहिनी," मी म्हणालो.

वहिनी हसल्या. त्यांनी विश्वास ठेवला, हे मला जास्त लागले. माणगावचा तो खिडकीला टेकलेला गृहस्थ दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे राहिला.

२ डिसेंबरला सकाळी साडेसातला मतदान सुरू झाले. नगरपरिषदेला एका मतदाराला बहुधा तीन मते असतात. प्रभागातले दोन सदस्य आणि एक नगराध्यक्ष. तीन वेळा बटण दाबायचे. म्हाताऱ्या माणसांची तारांबळ उडे; एकदा दाबून बाहेर निघत आणि आतून हाका येत, "आजी, अजून दोन राहिली!" मुंबईहून चाकरमानी आले होते, कुणी स्वखर्चाने, कुणी दुसऱ्याच्या. दादाचा मुलगा, आमचा पुतण्या, मुंबईला नोकरीला आहे. त्याचे नाव गावच्याच यादीत. पाच वाजेपर्यंत वहिनी अधूनमधून स्थानकाच्या रस्त्याकडे पाहत होत्या. तो आला नाही. रजा मिळाली नाही, असा निरोप आला. वहिनी म्हणाल्या, "नवी नोकरी आहे, बरोबरच आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी मोजणी, म्हणून घरात पोह्यांची तयारी झाली होती; पडलो तरी येणाऱ्याला खायला घालावेच लागते. पण मतदान चालू असतानाच बातमी आली: काही ठिकाणचे मतदान पुढे गेले असल्याने सगळीकडची मोजणी एकदमच, २१ डिसेंबरला करावी, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे. एकोणीस दिवस! कुलपाआड यंत्रे आणि बाहेर गावभर उमेदवार. रोज सकाळी अंदाज बदलत. बायकांनी सोडून दिलेला हळदीकुंकवाचा अबोला, पुरुषांनी तोडलेली दुकानाची वही, सगळे अधांतरी. कुणाशी गोड बोलावे आणि कुणाशी नाही, हेच कळेना. दादा म्हणाला, "बाळंतीण अडली की असंच होतं."

मी पुण्याला परतलो. २१ तारखेला दुपारी फोन वाजला.

"भाऊजी, पडले," वहिनी म्हणाल्या. "सतरा मतांनी."

काय बोलावे ते मला सुचेना. वहिनीच पुढे म्हणाल्या, "ओढ्यापलीकडची मतं मात्र भरभरून पडली हो! त्या केंद्रावर मीच पुढे." मग थोडे थांबून, "बंगल्यांकडे मतदानच कमी झालं." पुतण्याचे नाव त्यांनी काढले नाही. दादाने त्या दिवशी दुकान उघडले आणि आलेल्या प्रत्येकाला, विरोधकांनासुद्धा, चहा पाजला, असे मागाहून कळले, कपबशीतून.

पुण्याची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला आली. सुट्टी होती. शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी विचारले, "अलिबागला येताय का?" बायकोने माझ्याकडे पाहिले. तिला साकवावरची हकिकत मी सांगितली होती.

आमची नावे नेहमीच्या शाळेत नव्हतीच. दोन शाळा हिंडून तिसऱ्या ठिकाणी सापडली. माझ्या नावात एक अक्षर कमी, वडिलांच्या नावात एक जास्त. रांग मोठी होती. पुण्यात आमच्या प्रभागात एकेकाला चार मते; चार जागा, उमेदवारांची लांबलचक जंत्री. रांगेत उभा असता मनात आले, की याच शहराच्या नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले सदस्य होते. ते सरकारने नेमलेले. पण व्हाइसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये उधळण्याची वेळ आली तेव्हा एकट्याने विरुद्ध मत देण्याइतके ते कुणाचेच नव्हते. १८९५ ला टिळक निवडून आले. गोखले तर अध्यक्षच होते. या तिघांचेही गद्य मी मुलांना शिकवतो. पण पाणी, गटारे, दिवाबत्ती यांवर ही माणसे आपला वेळ खर्च करीत होती, हे मी कधी सांगितलेले नाही. परीक्षेत येत नाही.

मागच्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडे किती वाजता येतं पाणी?" मग रांगभर तोच विषय झाला. मला वाटते, तेवढीच खरी प्रचारसभा मी त्या निवडणुकीत ऐकली.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. बोट दाखवायचे म्हणून बायकोने फोटोही पाठवला होता. मी म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं. २०१७ ला मी मत दिलंच नव्हतं. आम्ही दिवेआगरला होतो."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "ठाऊक होतं मला. तुम्ही तिकडून सुपाऱ्या पाठवल्या होत्यात की!"

मी गप्प.

"बरं ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "निवडून आलेल्या बाईंकडे उद्या जातेय मी. तो ठराव घेऊन. वस्तीतल्या आठ-दहा जणी येणार आहेत बरोबर. हे म्हणतात, हरलेल्या माणसानं जाऊ नये. तुमचं काय मत?"

माझे मत! मी काहीतरी सांगणार होतो. महाडचे, तळ्याचे, दप्तरात पडून राहिलेल्या कागदाचे. तेवढ्यात पलीकडून भांड्यांचा खडखडाट ऐकू आला, आणि दादाचा आवाज, "अगं ए, धावपळ कर!"

"भाऊजी, नळ आला," वहिनी म्हणाल्या. "ठेवते."